नसत्या उद्योगांची दोनशे वर्षं

मार्चअखेर. टेबलावर पासबुकं, विम्याच्या पावत्या आणि सीएने पाठवलेली कागदांची यादी. त्यातली एक पावती जुन्या मासिकात दाबून ठेवलेली होती. मासिक उघडलं तर पान निघालं नेमकं नाचण पक्ष्याचं. नाचण घरटं विणताना गवताच्या काड्या कोळ्याच्या जाळ्याने लपेटून घट्ट करतो, असं त्यात होतं. डोकं वर केलं तर खिडकीच्या ग्रिलवर स्वतः नाचण हजर! शेपटीचा पंखा उघडमीट करत त्याने कोपऱ्यातलं कोळिष्टक चोचीत गुंडाळलं आणि समोरच्या आंब्यात नेलं. परत आला. पुन्हा नेलं. ते कोळिष्टक काढा म्हणून घरात आठवडाभर माझ्यामागे तगादा लागला होता. साडेअकराला भानावर आलो तेव्हा पावती पुन्हा मासिकातच होती.

आमच्याकडे याला ‘नसते उद्योग’ म्हणतात. म्हणोत. पुण्यात या उद्योगाला दोनशे वर्षांची परंपरा आहे, आणि ती चालवणाऱ्या बहुतेकांचं खरं काम दुसरंच काहीतरी होतं.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. नवा मुलूख हाती आला, पण त्यात नेमकं आहे काय याचा इंग्रजांना हिशोब हवा होता. त्यासाठी १८२४ मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. लोक किती, पिकं कोणती, जमीन कोणाकडे, हे सगळं टिपायचं. साहेब दख्खनभर हिंडला, ते तर टिपलंच, शिवाय पक्षी, प्राणी आणि नद्यांमधले मासेही टिपले. १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी लंडनला छापून आली. तळ्याकाठी दिसणारा आपला वंचक, म्हणजे ढोकरी, शास्त्राच्या दप्तरात पहिल्यांदा दाखल झाला तो या यादीतून. एका चंडोलाला तर इंग्रजीत आजही साइक्सचंच नाव आहे. सासवडच्या बाजूला माळावर जे करडे सातभाई घोळक्याने किरकिरत फिरतात, त्यांना त्याने गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचं नाव दिलं. त्यांचा कलकलाट ऐकलाय त्याला प्रश्न पडेल, हा मान होता की टोमणा?

एक मात्र विसरायचं नाही. तेव्हा पक्षी पाहायचा म्हणजे आधी बंदुकीने पाडायचा. दुर्बीण घेऊन नुसतं बघत बसणं ही फार पुढची चैन.

पुढे १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यातले दोघे आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही वैद्यकीतले, आणि आत्माराम पांडुरंग तर प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. सोसायटीला लवकरच जागा मिळाली ती फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याकडे. पक्षितज्ज्ञ सलीम अलींचंही तेच, सुरुवातीचं काम दुसरंच. तरुणपणी ते ब्रह्मदेशात घरच्या खाण-धंद्याला हातभार लावायला गेले आणि तिथल्या रानातच जास्त रमले. धंदा काही फळला नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि पक्षी ओळखायला बंदूक लागत नाही हे सामान्य वाचकाला कळलं.

पुण्यात परत येऊ. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. म्हणजे पुन्हा आकडेवारीचाच माणूस! आणि त्यांनाही पक्ष्यांचा नाद. मुलगा माधव शाळकरी वयात वेडे राघू (पोपट नव्हे, हवेत किडे टिपणारे छोटे हिरवे पक्षी) बघत असे. एकदा त्याच्या लक्षात आलं, काही राघूंच्या शेपटीतून बाहेर आलेली ती लांब काडी दिसतच नाही. थेट सलीम अलींना पत्र गेलं, आणि उलट टपाली उत्तर आलं: पिसं झडून नवी यायच्या दिवसांत ती काडी नसते. ही आठवण माधव गाडगीळांनीच सांगितली आहे. पुढे त्यांनी आघारकर संस्थेतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळल्या. त्यावरचा त्यांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. देवाच्या धाकाने गावांनी राखलेली ती झाडी शास्त्राच्याही कामाची आहे, हे त्यातून पुढे आलं.

पण माझ्यासारखा पावत्या सोडून वाचत बसणारा माणूस शास्त्रीय निबंधांनी तयार होत नाही. त्याला बिघडवलं मराठी गद्याने. व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीत नोकरीला होते, शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांचं काम बघायचे. सवड मिळाली की रानात. वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तापालटावरच्या त्यांच्या ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात माणूस जवळजवळ नाही, आणि तरी मराठी वाचकाने ती कादंबरी म्हणून वाचली. मला हे एखाद्या शोधापेक्षा कमी वाटत नाही.

मारुती चितमपल्ली पुण्याचे नव्हेत, सोलापूरचे. पण जंगल बघणं हेच ज्यांचं पगारी काम होतं असे या लिहिणाऱ्या मंडळींत ते एकटेच, म्हणून त्यांना वगळता येत नाही. वनखात्यातली सगळी हयात त्यांनी शब्द गोळा करण्यातही घालवली. आदिवासींकडून, कोळ्यांकडून, जुन्या संस्कृत ग्रंथांमधून. कावळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ हे शब्द त्यांनी रुळवले. ‘सारंगागार’ एकदा तोंडात बसला की भिगवणजवळच्या बाभळींवर नुसती पांढरी गर्दी दिसत नाही, घरटी दिसायला लागतात. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

भिगवणचाच विषय निघाला म्हणून. तिथलं पाणी उजनी धरणाचं, १९८० च्या सुमाराचं. म्हणजे रोहितांचे, फ्लेमिंगोंचे, थवे बघायला पुणेकर पहाटे चार वाजता थर्मास घेऊन जिकडे धावतात, ते तळं सिंचनासाठी आहे. पक्ष्यांची सोय झाली ती ओघाने.

कागद दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. जाताना भिडे पुलावर गाडी बाजूला घेतली, कारण खाली मुठेच्या कडेला, एका फाटक्या पोत्याशेजारी, साइक्सचा वंचक उभा होता. मातकट, मान आखडलेली, चिखलाचाच ढेकूळ म्हणावा. पाच मिनिटं हलला नाही. मग वर कोणीतरी हॉर्न दिला, तो उडाला, आणि पंख उघडल्याबरोबर एकदम पांढराशुभ्र झाला. वंचक हे नाव ज्याने कोणी ठेवलं त्याने साइक्सच्या किती आधी हे बघितलं असेल! मागचा रिक्षावाला मला काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.