एनएमएमएस परीक्षा: सातारा-सांगलीच्या शाळांनी आठवीचा अर्ज कसा भरावा, कागदपत्रं कोणती लावावीत

आपल्याकडे आठवीच्या जादा तासांना तोटा नाही. सकाळी शाळेआधी, शाळा सुटल्यावर, काही ठिकाणी रविवारीसुद्धा. पण एनएमएमएस या शिष्यवृत्तीचे पैसे अडतात ते बुद्धिमत्तेच्या प्रश्नात कमी आणि दाखला, नावातलं स्पेलिंग, बँक खातं यांत जास्त. म्हणून अभ्यासाइतकीच तयारी शाळेच्या ऑफिसची हवी, आणि ती जूनमध्येच सुरू व्हायला हवी.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठीची ही शिष्यवृत्ती योजना केंद्र सरकारची. राज्यात परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, बहुधा डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. राज्याचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा. तो जिल्ह्यांत आणि संवर्गांत (म्हणजे जातीच्या प्रवर्गांत) वाटला जातो, त्यामुळे जतच्या मुलाची स्पर्धा पुण्याच्या मुलाशी नसते, सांगली जिल्ह्यातल्या आपल्याच संवर्गातल्या मुलांशी असते. पालक हिला सरसकट ‘स्कॉलरशिप’ म्हणतात, पण नेहमीची स्कॉलरशिप परीक्षा वेगळी. तिथे उत्पन्नाची अट नाही, इथे तीच पहिली अट.

कोण बसू शकतं

विद्यार्थी शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका-महानगरपालिका किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकत असावा. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांच्या अनुदानित शाखा यात येतात, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत त्या गावोगाव आहेत. मात्र संस्था एकच असली तरी तिची विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची शाळा यात बसत नाही, हे पालकांना आधीच सांगावं. सातारच्या सैनिक स्कूलचे, नवोदय आणि केंद्रीय विद्यालयाचे विद्यार्थी अपात्र. ज्यांच्या निवास, भोजन आणि शिक्षणाचा खर्च शासन करतं अशा निवासी शाळांतले विद्यार्थीही अपात्र.

सातवीला किमान ५५ टक्के गुण हवेत; अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के. आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांच्या आत असावं. पूर्वी ही मर्यादा दीड लाख होती आणि अजूनही काही पालक तोच आकडा धरून घरीच बसतात. शाळेने पालकसभेत नवा आकडा फळ्यावर लिहावा.

कागदपत्रं

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तलाठ्याकडचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि स्वयंघोषणापत्र घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात, म्हणजे आपल्या भाषेत सेतूत, अर्ज करायचा. परिषदेच्या अधिसूचनेत कोणत्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न धरायचं ते दिलेलं असतं; दाखल्यावर तेच वर्ष आहे ना, हे बघूनच तो फाइलला लावावा. मुदत संपलेला दाखला हे अर्ज अडकण्याचं अगदी नेहमीचं कारण.

खानापूर, आटपाडी, खटाव, माण भागात एक वेगळीच अडचण असते. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात दूरच्या राज्यात, मूल आजी-आजोबांकडे. दाखल्याला सही कोण करणार, ओटीपी कोणाच्या मोबाईलवर जाणार? असे पालक दिवाळीला किंवा जत्रेला गावी येतात तेव्हा फॉर्मची मुदत उलटून गेलेली असू शकते. वर्गशिक्षकाने अशा मुलांची यादी शाळा उघडताच करावी आणि मोबाईल नंबर घरात असणाऱ्या माणसाचा द्यावा.

संवर्ग नोंदवायचा तर जातीचा दाखला हवा, तो प्रांत कार्यालयाकडून मिळतो. दिव्यांग विद्यार्थ्यासाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र. सातवीचं गुणपत्रक आणि आधार तर आहेच. या सगळ्याचा एक संच शाळेच्या दप्तरी ठेवावा; नंतर पडताळणीत तोच मागतात.

नावाबद्दल थोडं कडक बोलतो. जनरल रजिस्टर, आधार आणि बँक पासबुक या तिन्ही ठिकाणी नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख एकसारखी असली पाहिजे. एकीकडे ‘पाटील’ आणि दुसरीकडे आडनावच नाही, एकीकडे आईचं माहेरचं नाव, असे घोळ निवडीनंतर निस्तरणं फार जड जातं. आधार दुरुस्ती सुट्टीतच उरकलेली बरी.

अर्ज शाळाच भरते

पालकाने सायबर कॅफेत जाऊन भरायचा हा फॉर्म नव्हे. मुख्याध्यापक परिषदेच्या संकेतस्थळावर यूडायस क्रमांकाने (शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकाने) शाळेची नोंद करतात आणि शाळेच्या लॉगिनमधून एकेका मुलाचा अर्ज भरला जातो. नियमित मुदत संपली की विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क. हे काम एकाच शिक्षकाकडे द्यावं, पण पासवर्ड दोघांकडे असावा. बदली झाली की लॉगिन हरवतं. सबमिट करण्याआधी छापील प्रत पालकाला वाचायला देऊन सही घ्यावी. माध्यमाचा रकाना नीट बघावा: जत तालुक्यात कन्नड आणि मिरजेत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, आणि परीक्षा या दोन्ही भाषांत देता येते. प्रवेशपत्रंही शाळेच्याच लॉगिनवर येतात.

परीक्षेची तयारी

एकाच दिवशी दोन पेपर. बौद्धिक क्षमता चाचणीत ९० प्रश्न, ९० गुण, ९० मिनिटं. शालेय क्षमता चाचणीलाही तितकेच. त्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २० गुणांचं. प्रश्नाला सरासरी एक मिनिट, त्यामुळे मुलाला येत असूनही वेळ पुरत नाही. माझ्या मते नवनवी गाइडं आणण्यापेक्षा सातवी-आठवीची पाठ्यपुस्तकं दोनदा नीट वाचून घेणं आणि आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून सोडवून घेणं जास्त उपयोगाचं. इतिहास-भूगोलाकडे शाळा दुर्लक्ष करतात, आणि गुण मात्र गणितापेक्षा तिथे जास्त आहेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. उत्तरपत्रिकेवर बरोबर पर्यायाचा गोल पेनने भरायचा. खाडाखोड केली किंवा एका प्रश्नाला दोन गोल भरले तर तो गुण गेला. हा सराव उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवर करून घ्यावा, वहीवर नाही.

पात्र होण्यासाठी ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ३२ टक्के. पण पात्र होणं म्हणजे निवड होणं नव्हे. निवड गुणवत्ता आणि कोट्यावरच.

निवड झाल्यावर

इथे बरीच घरं निर्धास्त होतात, आणि इथेच पैसे अडतात. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर वेगळी नोंदणी आणि अर्ज करावा लागतो, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण. आधी शाळेचा नोडल अधिकारी आणि मग जिल्हा पातळीवरचा अधिकारी तो अर्ज पडताळतो. आठवीलाही ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमाती ५०) हवेत. रक्कम थेट खात्यात येते, म्हणून खातं विद्यार्थ्याच्या नावाचं, बँकेतलं किंवा पोस्ट पेमेंट्स बँकेतलं, आणि आधार सीडिंग झालेलं, म्हणजे आधारशी जोडलेलं असावं. पतसंस्थेतलं खातं चालत नाही. दहावीला ६० टक्के (अनुसूचित जाती-जमाती ५५) मिळाले तरच अकरावी-बारावीचे पैसे. दहावीनंतर पॉलिटेक्निकला किंवा विनाअनुदानित कॉलेजला गेलं की ही शिष्यवृत्ती थांबते. डिप्लोमा हवा असेल तर जरूर करावा, पण हिशोब आधी मांडावा.

आणि यादीत नाव नाही म्हणून फाइल बंद करू नका. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा समाजातले जे विद्यार्थी एनएमएमएस पात्र झाले पण निवडले गेले नाहीत, त्यांना सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. अर्ज शाळेमार्फतच जातो. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, पासबुक हे सगळं दप्तरी ठेवलेल्या संचातून काढता येतं.