निळ्या घोड्याचं पुस्तक

घोडा निळा होता. गेली 45 वर्षं मला याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. नौपाड्यातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत, मे महिन्याच्या सुट्टीत पालथं पडून वाचलेलं पुस्तक. मुखपृष्ठ फाटलेलं, शेवटची पानं गायब. एक मुलगा आटलेल्या विहिरीत उतरतो, खाली बाजार भरलेला असतो, तिथे लोक स्वतःची सावली गहाण ठेवून धान्य नेतात. मुलगा अडकतो आणि निळा घोडा त्याला वर आणतो. नाव आठवत नाही, लेखकही नाही.

परवा भाच्याला ही गोष्ट रंगवून सांगत होतो, तर बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "दादा, काहीतरीच काय सांगतोस! घोडा पांढरा होता. आणि विहीर त्या पुस्तकात नव्हतीच."

झालं. दुसऱ्या दिवशी मी मराठी ग्रंथसंग्रहालयात. ठाण्यातली ही संस्था 1893 सालची, तेव्हा तिथे मिळेल ही आशा. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "नाव? लेखक?" मी म्हटलं, विहिरीत बाजार आहे. त्या हसल्या नाहीत, ही त्यांची सभ्यता. पण अडचण खरी होती. ग्रंथालय असो की संगणक, आधी पत्ता द्यावा लागतो, मग वस्तू मिळते. मेंदूचं उलटं आहे. त्याला वस्तूचा एखादा तुकडा दाखवा, उरलेली वस्तू तो स्वतः जुळवून देतो.

ही जुळवाजुळव कशी होते, ते मला शाळेपासूनच्या सगळ्या विज्ञानात सर्वांत देखणं वाटतं. कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ समुद्रघोडा. आकारावरून पडलेलं नाव आहे. (घोडा इथेही आहेच.) त्यातल्या सीए-3 या पट्ट्यातल्या पेशींची खोड अशी की त्या बाहेरच्यांपेक्षा आपापसातच जास्त बोलतात. उंदराच्या मेंदूत अशा एकेका पेशीला त्याच पट्ट्यातल्या इतर पेशींकडून सुमारे 12,000 जोडण्या येतात. एकाच वेळी चेतलेल्या पेशींमधली जोडणी घट्ट होते, हा डोनाल्ड हेब यांचा 1949 मधला विचार. म्हणजे विहीर, बाजार, सावली या पेशी एकदा एकत्र चेतल्या की पुढे नुसती विहीर दिसली तरी ती बाकीच्यांना हाका मारते.

2002 साली सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत याची सुरेख परीक्षा झाली. उंदरांच्या फक्त सीए-3 पेशींमधून जोडण्या घट्ट करणारा एक रेणू काढून टाकला. पाण्याच्या हौदात बुडालेला चौथरा शोधायला हे उंदीर इतरांसारखेच शिकले. मग हौदाभोवतीच्या चार खुणांपैकी तीन काढून घेतल्या. साध्या उंदरांनी एका खुणेवरून चौथरा गाठला, हे मात्र गोंधळले. आठवण होती, पण तुकड्यावरून पूर्ण होईना.

आता थोडं गणित. जॉन हॉपफिल्ड यांनी 1982 मध्ये अशा आपसात जोडलेल्या पेशींचं कागदी जाळं मांडलं. 2024 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. या जाळ्यात प्रत्येक आठवण म्हणजे एक दरी. अर्धवट आठवणीचा गोटा उतारावर सोडला की घरंगळत जवळच्या दरीत जाऊन थांबतो. 1,000 पेशींत साधारण 140 आठवणी मावतात, पुढे सगळा चिखल. पण गंमत त्याआधीच सुरू होते. आपण न खणलेल्या दऱ्याही तयार होतात!

तीन पुस्तकं घ्या. प्रत्येक पेशी चेतलेली असावी की शांत, यावर तिघांचं मतदान घ्या आणि दोन मतं ज्या बाजूला पडतील ते मंजूर, आमच्या सोसायटीच्या सभेसारखं. या मतदानातून निघालेलं मिश्र चित्रसुद्धा एक स्थिर दरी असते. एखाद्या पुस्तकाचं मत हरतं ते बाकीची दोन्ही विरुद्ध गेली तरच, म्हणजे अर्धा गुणिले अर्धा, पाव वेळा. म्हणजे हे मिश्रण तिन्ही पुस्तकांशी प्रत्येकी पाऊण जुळतं आणि पुरतं एकाशीही जुळत नाही. मिश्रणं टिकतात ती तीन, पाच, सात अशा विषम संख्यांचीच. दोघांत बरोबरी झाली की पेशी अडून बसते.

खरा मेंदू इतका बाळबोध नाही, हे मान्य. तरी जुनं पुस्तक शोधणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलंय: पान उघडताच "हेच ते!" आणि दहाव्या पानावर "छे, हे नव्हे."

शिवाय मेंदू फटीही बुजवतो. फ्रेडरिक बार्टलेट यांनी इंग्रजी वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली होती, ते 1932 च्या त्यांच्या पुस्तकात आहे. कथेतले सीलच्या शिकारीला गेलेले तरुण पुढे काहींच्या आठवणीत मासे धरायला गेले. न पटणारं गळतं, ओळखीचं शिरतं. त्यामुळे माझ्या गोष्टीतलं सावली गहाण टाकणं खरं असेल, पण बदल्यात धान्य मिळणं हे आमच्या गल्लीतल्या रेशनच्या रांगेचं योगदान असावं.

"अंतर्मनात सगळं जसंच्या तसं जपलेलं असतं" म्हणत संमोहनाची शिबिरं भरवणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. संमोहनाने वाढते ती खात्री, अचूकता नव्हे. एका चॅटबॉटलाही विचारलं. त्याने क्षणात नाव, लेखक, प्रकाशनवर्ष दिलं; त्या नावाचं पुस्तक ग्रंथालयाच्या यादीत नव्हतं. हा तर आपल्याहून सराईत फटी बुजवणारा.

तीन शनिवार कपाटं धुंडाळल्यावर घोडा सापडला. पांढराच, आणि तळ्यातून एका मुलीला काढणारा. विहीर निघाली एका बालमासिकाच्या बांधीव अंकात. सावल्यांचा बाजार कुठेच नाही. बहिणीला फोन केला.

"अरे, तो बाजार तूच सांगायचास," ती म्हणाली. "वीज गेली की रोज नवीन भर घालून. मी घाबरून आईच्या कुशीत जायचे."

मला हे पटलेलं नाही. रद्दीवाल्याने जुन्या बालपुस्तकांची दोन पोती माझ्यासाठी बाजूला ठेवली आहेत, रविवारी जाणार आहे.