लाल ढेकण्या आणि मारेकरी ढेकूण: रंग सोडा, सोंड बघा

लाल ढेकण्या सोलापूरकडच्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. भेंडीवर, कपाशीवर घोळक्याने बसतो, मानेशी पांढरा पट्टा, पंखांवर एकेक काळा ठिपका, सरकीचा रस शोषून कापूस डागाळतो.

वैताग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. करडईच्या फुलावर एकटाच दबा धरून बसलेला लाल-काळा किडा दिसला, की त्यालाही ‘ढेकण्या’ म्हणायचं आणि पंप पाठीवर घ्यायचा! तो ऱ्हायनोकोरिससारखा मारेकरी ढेकूण, म्हणजे दुसरे किडे मारून खाणारा, असू शकतो, आणि वरून काढलेल्या फोटोत दोघांच्या सोंडेतला फरक नीट कळतच नाही. फोटो बाजूने काढा.

किडा पारदर्शक बाटलीत घ्या आणि डोक्याखाली बघा. ढेकण्याची सोंड बारीक, सरळ, चार पेरांची. वापरात नसली की पायांच्या मधून पोटाला चिकटून मागे पडलेली असते. मारेकऱ्याची आखूड, जाड, तीन पेरांची आणि विळ्यासारखी वाकलेली. डोकं आणि सोंड यांच्यात बाजूने मोकळी फट दिसते. सोंडेचं टोक पुढच्या पायांमधल्या खाचेत टेकतं. ते खाचेवर घासून हा किडा बारीक आवाजही काढतो. याच सोंडेने तो भक्ष्यात लाळ सोडतो, आतलं सगळं विरघळवतो आणि शोषून घेतो. अशी वाकडी सोंड दिसली, तर तो झाडाचा रस पिणारा नव्हेच. उलट मात्र धरून चालू नका: अँटिलोकस हा ढेकण्याचाच लाल भाऊबंद, सोंड सरळ, पण तो ढेकण्यांनाच खातो.

‘पण तो मधमाशी मारतो ना?’ मारतो. फुलावर बसला की मधमाशी, माशी, जे टप्प्यात येईल ते धरतो. घाटे अळी आणि पानं खाणारी स्पोडोप्टेराची अळीही तोच फस्त करतो, हे कुणी सांगत नाही. एका मारेकऱ्याने नेलेल्या चार माश्यांसाठी ऐन फुलोऱ्यात, भर सकाळी कीटकनाशक मारणं मला अजिबात पटत नाही. त्या फवाऱ्याने फुलांवरच्या सगळ्याच माश्या जातात. पुढच्या पायांना चिकट राळ फासून मधमाश्या धरणारा एपिओमेरस हा मारेकरी ढेकूण अमेरिका खंडातला आहे. त्याचे फोटो डाळिंबाच्या बागेतले म्हणून कृपा करून फिरवू नका.

मारेकऱ्याला बोटांनी उचलू नका. डंख फार झोंबतो.