ताण कामाचा की कामावर हुकूम नसल्याचा?

कामाचा ताण म्हटलं की आपण आधी तास मोजतो. तासांचं महत्त्व आहेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. पण तेवढेच तास काम करून एकजण संध्याकाळी हसतखेळत बाहेर पडतो आणि दुसरा पार पिळून निघालेला असतो, याचा उलगडा तासांवरून होत नाही.

अमेरिकी शास्त्रज्ञ जे वाइस यांनी १९६०-७०च्या दशकांत उंदरांवर काही प्रयोग केले. दोन उंदरांच्या शेपट्यांना तारा जोडून दोघांना एकाच वेळी, अगदी सारखाच विजेचा झटका दिला जाई. दोघांपुढे एकेक चाक होतं. पहिल्याने चाक फिरवलं की दोघांचाही झटका थांबे. दुसऱ्याचं चाक कशालाच जोडलेलं नव्हतं. त्याने कितीही फिरवलं तरी उपयोग शून्य. वेदना दोघांच्या वाट्याला समसमान आली, तरीही पोटातले व्रण दुसऱ्याला कितीतरी जास्त झाले. झटक्याआधी इशाऱ्याचा आवाज ऐकवला, तर व्रण कमी होत. म्हणजे त्रास किती, याइतकंच तो आपल्याला थांबवता येतो का आणि आधी कळतो का, हेही शरीर मोजत असतं.

माणसांचं काय? लंडनमधल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा दुसरा व्हाइटहॉल अभ्यास मायकल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झाला. मोठ्या जबाबदारीच्या साहेबांनाच हृदयविकार गाठतो, हा समज त्यात टिकला नाही. हृदयविकाराचा धोका खालच्या पदांवर जास्त होता, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे आपलं काम कसं आणि कधी करायचं, यात त्या लोकांना फारसा शब्द नव्हता. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच हे सूत्र मांडलं होतं: मागण्या भरमसाट आणि अधिकार तुटपुंजे, ही जोडी सर्वांत घातक.

ती घातक का, हे शरीरात डोकावलं की कळतं. धोका जाणवताच अ‍ॅड्रिनलिन हे संप्रेरक काही सेकंदांत हृदयाचे ठोके वाढवतं. पाठोपाठ मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो, आणि कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक रक्तात उतरतं. ते साखर वाढवून स्नायूंना इंधन पुरवतं. पुरेसं झालं की तेच मेंदूला ‘आता थांबा’ असं कळवतं. व्यवस्था उत्तम आहे, पण ती थोडक्यात आटोपणाऱ्या संकटासाठी. उद्या काय अंगावर येईल, या विचाराचा भुंगा रात्रीही डोकं पोखरत राहिला की धोका टळल्याची खूण मेंदूला मिळतच नाही. मग रक्तदाब चढा राहतो आणि झोप विस्कटते. मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅक्युअन यांनी १९९३ मध्ये या साचत जाणाऱ्या झिजेकडे लक्ष वेधलं.

म्हणूनच कर्मचाऱ्यांसाठी ध्यानाचा वर्ग ठेवायचा आणि कामाची पद्धत मात्र तशीच चालू द्यायची, हे मला अन्यायाचं वाटतं. दोष कामाच्या रचनेत असताना ओझं माणसाच्या मनावर टाकलं जातं. मुदती आधी सांगणं, कामांचा क्रम आणि विश्रांतीची वेळ ज्याची त्याला ठरवू देणं, ऐनवेळी प्राधान्यक्रम न बदलणं यांना फारसा खर्चही येत नाही.

स्वतःच्या हातात असलेल्या दोन गोष्टी सांगतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. त्यामुळे घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला लांब ठेवून पाच मिनिटं सावकाश श्वसन केलं तर अंगातली तडतड उतरू लागते. दुसरी, दिवस संपताना राहिलेलं प्रत्येक काम आणि ‘हे कधी, कुठून सुरू करणार’ हे लिहून ठेवणं. अर्धवट काम मनात घोळत राहतं, पण त्याची नेमकी योजना ठरली की ते घोळणं कमी होतं, असं २०११ च्या एका संशोधनात दिसलं. काम तेव्हाही अपुरंच होतं.

आणि वरिष्ठ एकावर एक काम टाकत असतील, तर नुसतं ‘जमणार नाही’ म्हणण्यापेक्षा हातातल्या कामांची यादी समोर ठेवून विचारावं: ‘हे आज घेतो, यातलं कोणतं उद्यावर ढकलू?’