शेवट माहीत असतो, म्हणूनच हसू येतं

विनोदी प्रेमपटाबद्दल एक वाक्य ठरलेलं आहे: "शेवटी दोघांचं जमणारच, मग त्यात बघायचं काय?" हेच लोक मध्यंतरात समोशाच्या रांगेत उभे राहून पुढची पटकथा बिनचूक सांगतात. आता गैरसमज होणार, मग एक रडकं गाणं, मग कुणीतरी विमानतळाकडे धावत सुटणार. सगळं तसंच घडतं, आणि तरी ही मंडळी पोट धरून हसतात. यात विसंगती काहीच नाही. अंदाज ठाम नसेल तर विनोद उभाच राहत नाही. हा अंदाज आणि त्याचं फसणं, दोन्ही मोजता येतात.

अंदाज मोजायची युक्ती अगदी शाळकरी आहे: गाळलेल्या जागा भरा. विल्सन टेलर यांनी १९५३ साली मजकूर वाचायला किती सोपा आहे ते तपासण्यासाठी ती मांडली. "घोडबंदर रोडला आज पुन्हा प्रचंड ______". हा कागद ठाण्यात वाटला तर 'ट्रॅफिक'शिवाय दुसरं उत्तर क्वचितच मिळेल. हे घट्ट वाक्य. "काल बाजारात मला ______ दिसलं" हे सैल, तिथे मांजरापासून कलिंगडापर्यंत काहीही बसतं. शंभरातले किती जण एकच शब्द लिहितात, तो त्या शब्दाचा गुण.

आता मेंदूकडे. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांना पडद्यावर एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली. काहींचा शेवटचा शब्द भलताच होता: गरम पावाला त्याने लोण्याऐवजी मोजे लावले, अशा धर्तीचा. डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमध्ये, तो शब्द दिसल्यापासून सुमारे ४०० मिलिसेकंदांनी, ऋण दिशेला जाणारी एक लाट उमटली. तिला एन-४०० म्हणतात. शब्द जितका अनपेक्षित, तितकी ही लाट मोठी.

ही लाट पकडणं मात्र जिकिरीचं काम आहे. ती असते काही मायक्रोव्होल्टची, म्हणजे व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांची, आणि मेंदूचा बाकीचा गलबला तिच्यापेक्षा मोठा. एका वाक्यावरून काहीच दिसत नाही. त्या जातीची तीस-चाळीस वाक्यं दाखवायची, प्रत्येक वेळी शब्द दिसल्याचा क्षण शून्य धरायचा आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढायची. गलबला कधी वर, कधी खाली असतो, म्हणून तो सरासरीत विरतो. लाट दर वेळी त्याच जागी येते, म्हणून टिकते. एक पापणी लवली की शंभर मायक्रोव्होल्टच्या आसपासचा धक्का बसतो आणि ती नोंद टाकून द्यावी लागते. विनोदाच्या प्रयोगात तर भलतीच पंचाईत: माणूस खरंच हसला, की चेहऱ्याचे स्नायू नोंदीवर चढून बसतात. म्हणजे विनोद असा हवा जो कळेल, पण ज्यावर कुणी खदखदणार नाही. विनोदाच्या संशोधनातले विनोद फिके का असतात, त्याचं एक कारण हेही असावं.

कूल्सन आणि कुटास यांनी २००१ साली हे करून पाहिलं. एकाच वाक्याला दोन शेवट, एक विनोदी, एक साधा. दोन्ही सारखेच अनपेक्षित. ज्यांना विनोद नीट कळत होते त्यांच्यात विनोदी शेवटाला एन-४०० मोठी निघाली, पण फक्त घट्ट वाक्यांत. सैल वाक्यांत नाही. अपेक्षा आधी पक्की बांधलेली असेल, तरच ती मोडल्याचा वेगळा ठसा दिसतो. "घोडबंदर रोडला आज पुन्हा प्रचंड शांतता" यावर ठाणेकर हसेल. ज्याने तो रस्ता पाहिलाच नाही तो नुसतं "बरं" म्हणेल.

एका वाक्यावरून अख्ख्या सिनेमाकडे उडी मारताना जरा जपून राहायला हवं, पण तर्क तोच आहे. विनोदी प्रेमपट हे दोन तासांचं घट्ट वाक्य. शिवाय शेवट गोड होणार ही हमी आणखी एक काम करते. मॅकग्रॉ आणि वॉरन यांनी २०१० साली मांडलेल्या विचारानुसार, नियम मोडला जातोय पण त्यात धोका नाही, असं एकाच वेळी वाटलं की हसू येतं. नायक बाल्कनीतून घसरतो. रहस्यपटात श्वास रोखला जातो. इथे तो कुंडीसकट खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणात पडणार हे आपल्याला ठाऊक असतं. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचा उगम शृंगारातून सांगितलाय, तो उगाच नाही.

मराठी संवादलेखकाला इथे एक फायदा आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि 'नाही' त्याच्याही मागे. "तुझ्याशिवाय मी एक दिवससुद्धा…" इथवर ऐकून प्रेक्षकाने 'राहू शकत नाही' मनातल्या मनात भरून टाकलेलं असतं. नायिका म्हणते, "…राहीन की, आरामात!" हेच "मी आरामात राहीन तुझ्याशिवाय" असं लिहिलं तर विनोद मेला, कारण फसवणारा शब्द आधीच सांडला. सबटायटलं नेमकी हीच माती करतात: नायिका अजून "एक दिवससुद्धा" म्हणतेय आणि खाली सगळं वाक्य वाचून झालेलं असतं.

जाता जाता, 'सिनेमा बघा आणि डोपामाइनचा डोस घ्या' छापाच्या रील्सबद्दल. वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी अनपेक्षित रस मिळाल्यावर चेकाळल्या. सवय झाल्यावर त्या रसाला नव्हे, तर रस येणार असल्याच्या खुणेला प्रतिसाद देऊ लागल्या. हा अंदाजाचा हिशेब आहे, आनंदाचं सरबत नव्हे. आणि हसून मधुमेह बरा होतो असं सांगणाऱ्या फॉरवर्डला हसून घ्यावं, औषध चालू ठेवावं.

उरला वेळेचा प्रश्न. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. फसवा शब्द सुरू झाल्यापासून दहा फ्रेमच्या आत संकलकाने पुढचं वाक्य सुरू केलं, तर प्रेक्षकाची लाट शिखरावर पोचण्याआधीच नवा शब्द येऊन आदळतो. त्यानंतर हशालाही जागा लागते. गडकरी रंगायतनमध्ये नट थांबतो; हशा ओसरायला लागला, पण पुरता विरला नाही, अशा क्षणी पुढचं वाक्य टाकतो. सिनेमा थांबू शकत नाही, म्हणून संकलक समोरच्या पात्राचा चेहरा, उडालेला चहा, वळून बघणारा शेजारी असं काहीतरी तिथे भरतो.

हे मोजमाप भरलेल्या थिएटरसाठी असतं. रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या नोंदींनुसार माणूस एकट्यापेक्षा सोबतीत सुमारे तीसपट जास्त हसतो. शनिवारी रात्री हशात बुडालेली ती दीड सेकंदाची जागा मंगळवारी दुपारी वाशीत आठ प्रेक्षकांसमोर येते तेव्हा पडद्यावर नुसता चहा सांडत असतो, आणि मागच्या रांगेतून वेफरचं पाकीट फोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.