फोटोखालचं नाव : वृत्तछायाचित्रणाच्या राष्ट्रीय पुरस्कारामागचा इतिहास

१६ नोव्हेंबर जवळ आला की वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय प्रेस परिषदेच्या उत्कृष्ट पत्रकारितेच्या राष्ट्रीय पुरस्कारांची चर्चा सुरू होते. १९६६ मध्ये याच तारखेला परिषदेचं काम सुरू झालं, म्हणून हा राष्ट्रीय पत्रकारिता दिन. आणीबाणीत परिषदच गुंडाळली गेली आणि १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. पुरस्कार सुरू व्हायला मात्र २०१२ उजाडलं. त्यात छायाचित्रकारांसाठी एकच वृत्तछायाचित्र आणि चित्रमालिका असे दोन विभाग ठेवले गेले. माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या फोटो डिव्हिजनचे छायाचित्रण पुरस्कार वेगळे. होमाई व्यारावाला यांना जीवनगौरव मिळाला तो २०१० मध्ये, या दुसऱ्या पुरस्कारांत. पुढच्या वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं, तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या.

देशाची पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचं नाव आज घेतलं जातं, त्या होमाईंचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावावर. पुरस्कार नावाला मिळतो आणि फोटोग्राफरच्या धंद्यात नाव ही सगळ्यात शेवटी पदरात पडणारी गोष्ट. या विषयाची खरी मेख तिथेच आहे.

आपल्या विदर्भातच याचं मोठं उदाहरण आहे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. (बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जायचं, म्हणून पुढे १९४० मध्ये गावाचं सेवाग्राम झालं.) आश्रमात कारकुनी आणि हिशेब बघणारा कनू गांधी हा त्यांचा नात्याने नातू. त्याला फोटोचा नाद लागला. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आले. गांधीजींच्या अटी तीन : फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आणि या नादासाठी आश्रम एक पैसा देणार नाही. म्हणजे मातीच्या कुडाच्या खोलीत खिडकीतून जेवढा उजेड आत येईल तेवढ्यावर भागवायचं, आणि समोरचा माणूस कामात असताना जसा दिसेल तसा टिपायचा. वृत्तछायाचित्रणाचे आजचे नीतिनियम उघडून बघा, यातली पोजची अट वेगळ्या शब्दांत तिथे सापडेल. कनूंचे फोटो देशभर पोचले. कनू गांधी हे नाव मात्र वर्ध्यातल्या शाळकरी पोरांना विचारून बघा.

स्वातंत्र्यानंतर खेड्यातला फोटो पेपरात यायचा तो बहुतेक तालुक्याच्या फोटो स्टुडिओतून. लग्नं, पासपोर्ट साइज, पोलिसांसाठी पंचनाम्याचे फोटो हा त्याचा रोजचा धंदा, पेपरचं काम जोडीला. रोल किंवा प्रिंट पाकिटात घालून नागपूरला किंवा अकोल्याला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायची आणि तिकडून कोणी तरी स्टँडवर येऊन ती उचलायची. बस चुकली की बातमी शिळी.

१९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच विकत घेण्याची योजना, सुरू झाली आणि खरेदी केंद्राबाहेर लागलेली बैलगाड्यांची रांग हा वऱ्हाडातला ठरलेला फोटो झाला. दिसायला सोपा, काढायला महाकठीण. भर दुपारी पांढऱ्या कापसावर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं. समोर उजेड फार आहे असं समजून ते एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू द्यायचा उजेड, कमी सांगतं, त्यामुळे कापूस मळकट राखाडी येतो आणि गाडीवर बसलेल्या माणसाचं तोंड काळंठिक्कर. जाणता फोटोग्राफर मीटरचं ऐकायचा नाही, भिंग एक-दीड स्टॉप (उजेडाचं माप) जास्तच उघडायचा. पुन्हा छपाईला जस्ताचा ब्लॉक, त्याची ठिपक्यांची जाड जाळी आणि वर्तमानपत्राचा खरबरीत कागद. एवढ्यातून त्या माणसाचे डोळे वाचकाला दिसले तर ते कौशल्यच. खाली छापून यायचं : ‘छाया : आमच्या वार्ताहराकडून’.

२००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधान विदर्भात आले, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि दिल्ली-मुंबईचे कॅमेरे यवतमाळच्या गावोगाव फिरू लागले. भिंतीवर हार घातलेली तसबीर, खाली बसलेली बाई. प्रश्न देशापुढे गेला तो बराचसा या चित्रामुळे, हे मान्यच. पण तेच चित्र इतक्यांदा निघालं की त्या घराकडे दुसऱ्या कोणत्या नजरेने बघता येईल, हा विचारच मागे पडला. गावात राहणाऱ्या फोटोग्राफरला पेरणीही दिसते, पोळाही दिसतो आणि सावकाराच्या ओट्यावरची ये-जाही दिसते.

मग तो पुरस्काराच्या यादीत का दिसत नाही? कागदोपत्री वाट मोकळी आहे. १९५५ च्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या श्रमिक पत्रकार कायद्यानेच वृत्तछायाचित्रकाराला संपादक आणि वार्ताहराच्या पंगतीला बसवलं. फक्त पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय हवा, ही त्या कायद्याची अट होती. लग्नाच्या ऑर्डरवर घर चालवणारा माणूस तिथेच बाहेर राहायचा. परिषदेच्या पुरस्काराला पगारी नोकरीची अट नाही, पण प्रवेशिका भरायची तर छापून आलेलं काम दाखवावं लागतं, आणि ते काम आपलंच आहे हेही. ग्रामीण पत्रकारितेचा विभाग आहे खरा, पण तो फोटोच्या विभागापासून वेगळा. खेड्यातला फोटोग्राफर उतरतो तो एकाच कामासाठी बातमीदारांची फौज आणि महागड्या लेन्स बाळगणाऱ्या महानगरी पेपरांसमोर.

एसटीच्या पाकिटाची जागा आता व्हॉट्सअ‍ॅपने घेतली आहे. डिजिटल फाइलच्या पोटात काढणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ नोंदवायची सोय असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकला की ती नोंद पुसली जाते आणि चित्रही दाबलं जातं. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर दोन्ही शाबूत राहतं. तालुक्याच्या फोटोग्राफरांनी एवढी एक सवय तरी आजपासूनच लावून घ्यावी.