कार्बोन की इनॉक्स: एकाच मुठीची दोन पाती

माझ्या टेबलावर आत्ता दोन ओपिनेल पडलेत, म्हणजे लाकडी मुठीत मिटणारे फ्रेंच चाकू. दोन्ही 8 नंबरच्या मापाचे, पातं 8.5 सेंटिमीटरचं, मूठ बीचच्या लाकडाची, मानेशी फिरणारं स्टीलचं कडं. मिटलेले असताना कुठला कुठला हे मलाही सांगता येत नाही. उघडले की पात्यावर मुकुट घातलेला हात दिसतो, आणि एकावर ‘कार्बोन’ तर दुसऱ्यावर ‘इनॉक्स’ हा शब्द. लाकूड तासायला नव्याने बसलेला माणूस इथेच अडतो. विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘कार्बोनच घे, डोळे मिटून.’ मला त्यातलं डोळे मिटणं पटत नाही.

फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने हा चाकू 1890 मध्ये बनवला, तो डोंगरातल्या शेतकऱ्यांसाठी. तेव्हा अर्थातच एकच पोलाद होतं, साधं कार्बनचं. इनॉक्स नंतर आलं. हा शब्द म्हणजे ‘न गंजणारं’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा तोडलेला तुकडा, आपण नुसतं ‘स्टील’ म्हणून स्टेनलेस समजतो तसाच.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. भांड्यांच्या दुकानात आपण लोहचुंबक लावून बघतो. चिकटला नाही तर चांगलं स्टील. हीच युक्ती मी या चाकूंवर करून पाहिली आणि दोन्हींना चुंबक टपकन चिकटला. इनॉक्स नकली नव्हता. ताट-वाट्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये निकेल असतं, म्हणून चुंबक सरकतो. चाकूचं स्टेनलेस वेगळं, ते तापवून, थंड करून कडक करावं लागतं, आणि असं स्टील चुंबकाला धरतंच. तेव्हा छाप वाचा, चुंबक घरी ठेवा.

फरक आहे तो असा. कार्बोनच्या पात्यात शंभरात साधारण 0.9 भाग कार्बन. इनॉक्समध्ये कार्बन त्याच्या निम्म्याच्या आसपास, पण क्रोमियम 14 टक्क्यांच्या घरात. हे क्रोमियम हवेशी मिळून पात्यावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतं आणि खालच्या लोखंडाला झाकून ठेवतं. कार्बोनला असं पांघरूण नाही.

धारेचं म्हणाल तर हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या दगडावर कार्बोन लवकर धार धरतं. घासल्यावर कडेला जी बारीक खरखर उभी राहते ती कातडी पट्ट्यावर चार-पाच हात मारले की जाते. इनॉक्सची खरखर चिवट, या बाजूने काढली की त्या बाजूला लोळते. तासायला बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्ट्यावर पातं ओढावंच लागतं, म्हणून हा फरक जाणवतो. पण ‘एकाने होतं, दुसऱ्याने होत नाही’ इतका तो नाही. ढलपी कागदासारखी निघते ती पातं पातळ असल्यामुळे, आणि पातळ दोन्ही सारखीच आहेत. उलट सागवान घेऊन बसलात तर दोन्ही सारखीच बोथटतील, कारण सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. शिकायला पांगारा घ्या, शेवग्याची जाड फांदीही चालेल.

खरा फरक दिसतो तो काम संपल्यानंतर. आमच्या आजीची विळी आठवते. जुन्या लोखंडी पात्याची. वर्षाची पहिली कैरी चिरली की पातं निळं-जांभळं व्हायचं, मग करडं, मे संपेपर्यंत पार काळं. आजी ते कधी घासून पांढरं करायला गेली नाही. चिरून झालं की ओलं फडकं, मग कोरडं फडकं, आणि विळी आडवी भिंतीशी. धाकट्या काकूने एकदा ती तशीच ओली ठेवली, तर सकाळी पात्यावर तांबूस ठिपके. ‘काळं होऊ दे गं, तांबडं नको,’ एवढंच आजी म्हणाली.

कार्बोन पात्याचं सगळं शास्त्र यात आलं. काळपटपणा हा एक थर आहे, तो पात्याला थोडाफार सांभाळतो. तांबडा गंज पोलाद खातो. नवीन कार्बोन चाकू आणलात तर एक आंबट कैरी किंवा दोन लिंबं त्याने चिरा, दहा मिनिटं तसाच ठेवा, धुवा, कोरडा करा. पातं डागाळेल, ते डाग मिरवा. नंतर रोज पुसायचं आणि खोबरेलाचं बोट फिरवायचं.

एक अडचण मात्र विळीने शिकवली नव्हती. ओल्या बाभळीचा तुकडा कार्बोनने तासत बसलो आणि लाकडावर निळे-काळे ओघळ उमटले. वाटलं पातं खराब. पण बाभळीत टॅनिन भरपूर, आणि टॅनिन लोखंडाला भेटलं की शाई होते. हिरडा आणि हिराकस उकळून जुनी शाई करत ती याच मेळातून. वाळलेल्या लाकडावर हा त्रास जवळजवळ नाही. पण ओलं, तुरट लाकूड तासून चमचा करायचा असेल आणि तो गोराच हवा असेल, तर इनॉक्स बरा.

म्हणून मी विचारणाऱ्याला उलट विचारतो, तुमच्याकडे छत्री घरात आल्यावर कोण झटकतं? तुम्हीच झटकत असाल तर कार्बोन घ्या, धार लावण्यातली मजा तुमची. ‘नंतर बघू’ म्हणून ती दाराशी टाकत असाल तर इनॉक्स. रत्नागिरीत, मालवणात, खाऱ्या हवेत राहणाऱ्याला तर मी सरळ इनॉक्स सांगतो, आणि तोही ‘अजिबात गंजत नाही’ असं समजू नका हेही सांगतो.

नंबराचं थोडक्यात. बारीक कोरीव कामाला 8 पेक्षा 6 किंवा 7 हातात चांगला बसतो, टोक बोटांच्या जवळ येतं. 6 च्या खाली उतरू नका. कुलूप लावणारं ते कडं, 1955 मध्ये आलेलं, 6 पासून पुढेच असतं, आणि टोकाने दाबताना पातं बोटांवर मिटणं ही कल्पनाही नको.

आणि पावसाळ्याचं दुखणं पोलादाला विचारत नाही. गेल्या जुलैत मी कार्बोन रेनकोटच्या खिशात विसरलो. चौथ्या दिवशी काढला तर पात्यावर तांबडं, आणि वर मूठ फुगून पातं खाचेत असं घट्ट की नखाने हलेना. म्हटलं निदान इनॉक्स तरी. तो कपाटात कोरडा होता, पण हवेनेच त्याचीही मूठ फुगलेली. सॅव्हॉयच्या लोकांची यावर एक युक्ती आहे: कडं उघडं फिरवायचं, मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठक्क करून आपटायचं, की पात्याचं नाक खाचेतून वर डोकावतं. तिसऱ्या ठोक्याला दोन्ही उघडले. खाचेत जवसाचं तेल मुरवून ते आता तांदळाच्या डब्याशेजारी, कोरड्या जागी ठेवलेत.